रस्त्याकडे तोंड

आकुर्डीत एक फॅब्रिकेशनचं शेड होतं. मालकाचे वडील तिथे बजाजच्या स्कूटरसाठी बारीकसारीक पार्ट बनवायचे. २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन थांबलं, तेव्हा मुलानं प्रेस विकून पोर्टा केबिनचं काम धरलं. चाकणच्या साइट ऑफिसांपासून सोसायट्यांच्या वॉचमन केबिनपर्यंत सगळीकडे माल जायचा. विकायची तऱ्हा ठरलेली. मे महिन्यात गिऱ्हाइकाला केबिनमध्ये बसवायचं, एसी लावायचा आणि भिंतीला आतून हात लावायला सांगायचं. बाहेरच्या पत्र्याचा चटका बसतोय आणि आतलं पॅनल गार! ऑर्डर तिथल्या तिथे पक्की.

एका ठेकेदारानं लेहजवळच्या साइटसाठी अशाच सहा केबिन नेल्या. सोबत मांडणीचा कागद गेला, नेहमीचाच: दार आणि मोठ्या खिडक्या रस्त्याकडे.

जानेवारीत फोन आला. “शेठ, तुमच्या केबिनमध्ये पाऊस पडतोय.”

लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. जानेवारीत तर फक्त कोरडी, उणे पंधरा-वीसची थंडी. मालकाला वाटलं, गडी थट्टा करतोय. मग व्हिडिओ आला. आतल्या बाजूनं फ्रेमच्या प्रत्येक पाइपवर पांढरा थर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाची टोपी. माणसांच्या श्वासाची आणि भाताच्या पातेल्याची वाफ रात्रभर तिथे गोठायची. सकाळी बुखारी, म्हणजे तिकडची लोखंडी शेगडी, पेटली की तेच पाणी गाद्यांवर टपटपायचं.

मालकानं उपाय ठरवला. पफ, म्हणजे फोम भरलेलं पॅनल पन्नास मिलिमीटरचं होतं, ते शंभरचं करायचं. शेडवाल्यांचा हा आवडता इलाज. जाडी वाढवली की डोकं चालवावं लागत नाही, आणि बिलही फुगतं.

रात्रपाळीचे वॉचमन काका साताऱ्याकडचे, मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. लडाखमध्ये दोन पोस्टिंग काढलेली. ते म्हणाले, “शेठ, शंभर करा नाहीतर दोनशे करा. थंडी पॅनलमधनं येतच न्हाई. लोखंडातनं येती.”

मालक हसला. मिस्त्री हसला नाही. त्यानं डेमोच्या केबिनची फ्रेम नीट निरखली. आतून बाहेरपर्यंत एकच अखंड स्क्वेअर पाइप, आणि आरपार गेलेले स्क्रू.

लेहसाठीच्या नव्या केबिनचे ट्रक जुलैत निघायचे होते. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम करून पुढे गेली होती आणि हवा ओलीचिंब होती. एका संध्याकाळी मिस्त्रीनं बर्फाच्या लाद्या मागवल्या, शेडमधल्या डेमो केबिनमध्ये गच्च रचल्या आणि दार लावून घरी गेला.

सकाळी मालक आला तेव्हा केबिनची बाहेरची बाजू पाहण्यासारखी होती. पॅनल ठणठणीत कोरडं. फ्रेमचे पाइप मात्र घामाघूम, आणि स्क्रूच्या डोक्यांवर एकेक थेंब लोंबतोय. व्हिडिओतलीच नक्षी, फक्त आतली बाहेर आलेली. तिथे ऊब आत आणि गारठा बाहेर, इथे उलट. ओली हवा गार लोखंडाला टेकली की पाणी सोडणारच. पोलाद उष्णता पफच्या सुमारे दोन हजार पट सहज वाहून नेतं. ते जोवर आरपार आहे तोवर शेजारचं पॅनल कितीही जाड असून उपयोग नाही.

मालकानं त्या पाइपवरून बोट फिरवलं, ते पुसलं आणि शंभरच्या पॅनलची ऑर्डर थांबवली. मिस्त्रीनं आतली आणि बाहेरची फ्रेम वेगळी केली, मधे लाकडी पट्टी घातली, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात वाफेला बाहेर जायला वाट ठेवली.

मग मालक खुर्ची ओढून काकांसमोर बसला. “अजून काय पाहिलंत तिकडे?”

काकांनी घरं सांगितली. हातभर जाडीच्या कच्च्या विटांच्या भिंती, खाली गोठा. मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला, उत्तरेची भिंत जवळजवळ आंधळी. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी लेहला दुपारचा सूर्य जेमतेम बत्तीस अंशांपर्यंत चढतो. आकुर्डीत तोच अठ्ठेचाळीसपर्यंत येतो. तिथलं तिरपं ऊन दक्षिणेच्या काचेतून थेट खोलीच्या पोटात शिरतं, माती ते दिवसभर पिते आणि रात्री हळूहळू परत देते. लेहजवळच्या फे गावातल्या सेकमोल या शाळेच्या मातीच्या इमारती याच हिशोबावर हिवाळा काढतात. २०२१ मध्ये लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर उबदार राहणारा तंबू दाखवला, तोही दिवसाचं ऊन रात्रीसाठी राखणारा. आपली हलकी केबिन काहीच राखत नाही. बुखारी विझली की तासाभरात गारठते. तिला निदान दिवसाचं ऊन तरी मिळायला हवं.

मालकानं ठेकेदाराला फोन लावला, त्यानं साइटवरच्या सुपरवायझरला जोडून घेतलं.

“जुन्या केबिनच्या मोठ्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत?”

“रस्त्याकडे. तुमच्याच कागदाप्रमाणे.”

“दिशा सांगा.”

“दिशा कोण बघतंय, साहेब?”

काका मधेच बोलले, “भर दुपारी केबिनची सावली कुठं पडती, इचारा.”

बारा वाजायलाच आले होते. सुपरवायझर बाहेर जाऊन आला. “खिडक्यांसमोर पडते. रस्त्याच्या बाजूला.”

म्हणजे सहाच्या सहा केबिन उन्हाकडे पाठ करून उभ्या होत्या. मालक गप्प झालेला पाहून मिस्त्रीनं फोन आपल्याकडे ओढला आणि विचारलं, तिकडे क्रेन भाड्यानं मिळते का, आणि मिळत असेल तर एका केबिनचे किती घेतात.