वकिली, वस्ती आणि सम्यक वाचा



वकिलाला खोटे बोलावे लागते, मग पंचशील घेतलेल्या घरातील मुलाने वकील व्हावे काय? हा प्रश्न चाळीसगाव तालुक्यातील एका उपासकाने मला विचारला त्यास बरीच वर्षे झाली. त्यांच्या घरी दीक्षा होऊन जेमतेम दोन वर्षे झालेली, त्यामुळे असत्य न बोलण्याचे शील त्यांच्या मनात ताजे होते. जुन्या बौद्ध घरांत ते पाठ असते, एवढेच! मुलगा बी.ए. झाला होता आणि जळगावच्या लॉ कॉलेजात नाव घालायचे म्हणत होता. मी म्हणालो, "आप्पा, बाबासाहेब बॅरिस्टर होते. आणखी काय पाहिजे?" आप्पा गप्प बसले. बाबासाहेबांचे नाव घेऊन मी त्यांचे तोंड बंद केले होते, उत्तर दिले नव्हते.

उत्तर असे द्यायला हवे होते. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ च्या डिसेंबरात लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. बाबासाहेबांच्या बाजूने असत्याचा आधार घेण्याचे कारणच नव्हते. वहिवाट अनादि म्हणता, तर ती तशी असल्याचे सिद्ध करा, एवढाच मुद्दा होता, आणि ते सिद्ध झाले नाही. तथागतांनी कालामांना जे सांगितले की, परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही मानू नका, तेच येथे न्यायालयात घडले. वकिलाचे खरे काम पुरावा मागणे हे आहे. जो वकील साक्षीदार पढवतो तो शील मोडतो, पण त्यात दोष विद्येचा नाही. या दाव्याच्याच अखेरच्या काळात, १९३५ ते १९३८, बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, आणि १९३६ साली कॉलेजच्या मासिकात त्यांनी कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर लेख लिहिला. निकालानंतर चारच महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आपण दरवर्षी त्या दिवशी तेथे जमतो, पण बाबासाहेब तेथे सभेसाठी नव्हे, वकील म्हणून आले होते, हे किती जणांच्या ध्यानात असते?

असो. मुलगा जळगावास गेला. पहिल्या वर्षाची फी वस्तीने वर्गणी काढून भरली. भाड्याच्या खोलीत चौघे होते, चार जातींचे. रात्री एकाच दिव्याखाली पुस्तके आळीपाळीने वाचायची, अभिरूप न्यायालयात मात्र एकमेकांविरुद्ध उभे राहायचे, आणि परत येऊन एकाच ताटातली भाकरी मोडायची. तो सांगे, "गुरुजी, तिथं आम्हाला आधी उलट बाजू मांडायला लावतात." मला त्याचे कौतुक वाटे. ही सवय पुढे आपल्याच अंगावर येईल, असे मात्र वाटले नव्हते.

रविवारच्या वंदनेनंतर तो विहारात कायदा समजावून सांगे. हिंदू विवाह कायदा आणि वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे ऐकून दोघे-तिघे चिडून उठून गेले होते! १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या, म्हणून दीक्षा घेतली तर मुलांचे दाखले बुडतील ही भीती खरी नव्हे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. सर्वांत जास्त प्रश्न बायका विचारीत. पुरुष मंडळींना आपल्याला सर्व ठाऊक आहे असे वाटते.

मग ती गोष्ट घडली. शेजारच्या गावी पाण्यावरून तंटा झाला आणि आपल्या एका मुलाला मारहाण झाली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपींत एक सालदार होता. त्याला वकील लावण्याची ऐपत नव्हती. मोफत साहाय्याच्या यादीवर आपल्या या वकिलाचे नाव होते, काम त्याच्याकडे आले आणि त्याने वकीलपत्र घेतले.

वस्ती पेटली. समाजमंदिरात बैठक झाली. त्याला विहारात बोलवायचे नाही आणि त्याच्या घरी जायचे नाही, असे ठरले. मीही मान हलवली. पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीचे लग्न होते. पत्रिका माझ्या टेबलावर पडून राहिली आणि मी गेलो नाही. मंडप अर्धा रिकामा होता, असे आप्पांनी मला नंतर सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, पाऊस पडला असे सांगावे तसे सांगितले.

तेव्हापासून मी विचार करीत आहे.

वस्तीचा राग खोटा नाही. मार खाल्लेल्या मुलाची आई बैठकीत म्हणाली, "माझ्या पन्नास रुपयांवर शिकला, आणि आता माझ्याच लेकराच्या समोर उभा राहतो." याला उत्तर देणे सोपे नाही. त्याच्यावर ऋण आहे. परंतु ते फेडायचे कसे? वर्गणीने आपण त्याची जीभ विकत घेतली काय? आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. त्या कलमात जात लिहिलेली नाही, आणि ज्या घटनेची आपण शपथ वाहतो तिच्यातच ते आहे. उद्या आपल्याच मुलावर खोटी फिर्याद झाली आणि गावातला एकही वकील उभा राहिला नाही, तर आपण काय म्हणू?

आता बहिष्काराचे. बाबासाहेब १९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले असता, धुळे मार्गावरच्या एका गावी सवर्णांनी आपल्या लोकांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करायला गेले होते. तेथून परतल्यावरच चाळीसगावास टांग्याचा अपघात झाला. टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार नव्हता, म्हणून आपल्यातलाच एक नवशिका हाकीत होता. बाबासाहेब पुलावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्या चाळीसगावच्याच तालुक्यात आपण आपल्या माणसावर बहिष्कार घालतो! महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

कोणी म्हणेल, कोसंबीच्या उपासकांनीही भिक्खूंना भिक्षा नाकारली होती. खरे आहे. तेथे विनय जाणणारा एक आणि धम्म सांगणारा एक, यांच्यात भांड्यात उरलेल्या पाण्यावरून वाद झाला आणि संघ फुटला. तथागतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटे वनात निघून गेले. नियमशास्त्राचा अभ्यास मैत्रीवाचून केला तर काय होते, हे त्या गोष्टीत आहे आणि आपल्या वकील मंडळींनी ती जरूर वाचावी. पण उपासकांनी भिक्षा रोखली ती दोन्ही पक्षांची, आणि त्यांनी समेट करावा म्हणून. आपण एकालाच बाहेर काढले. शिवाय विनयाचा दंडक असा की, तंट्याचा निर्णय संबंधितांच्या समोर व्हावा. आपली बैठक झाली तेव्हा तो धुळ्यास कोर्टात होता. त्याला कोणी निरोपसुद्धा दिला नव्हता. मला सर्वांत जास्त लाज याचीच वाटते.

त्याच विनयाचा श्रेष्ठ जाणकार उपाली हा जन्माने न्हावी. वृद्ध थेर त्याच्याकडे विनय शिकायला येत. थेरांचा मान म्हणून उपाली उभा राही आणि धम्माचा मान म्हणून थेरही उभे राहत. दोघेही थकून जात. तेव्हा शिकवणारा वयाने लहान असला तरी त्याने समान किंवा उंच आसनावर बसावे, अशी अनुज्ञा तथागतांनी दिली.

मी त्याच्या घरी गेलो. चूक त्याचीही होती आणि ती मी त्याला सांगितली. वकीलपत्र घेण्याआधी त्याने त्या माउलीच्या ओट्यावर जाऊन बसायला हवे होते, तिने शिव्या दिल्या तरी ऐकायला हव्या होत्या. तो म्हणाला, "भीती वाटली, गुरुजी."

गेल्या रविवारी तो विहारात आला. ती माउलीही होती. तिने सर्वांसमोर विचारले, "माझ्या लेकराला तू कोर्टात खोटं पाडशील?"

"काकू, त्याला मार बसला, हे मी नाकारत नाही. माझा अशील त्या वेळी तिथं नव्हता, एवढंच मी कोर्टात मांडलं आहे, म्हणून इथं सांगतो."

"आणि असला तर?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो होता असं मला ठाऊक असतं, तर नव्हता असं माझ्या तोंडून निघालं नसतं."

ती काही बोलली नाही. उठूनही गेली नाही. वंदना सुरू झाली. खटल्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.