सुटणारी बट आणि न सुटणारी जट

गेल्या वर्षी मे महिन्यात जळगावला आमच्या नात्यातील एक लग्न होते. खानदेशातला मे म्हणजे काय ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. ऊन तापण्याच्या आत विधी उरकावा म्हणून लग्नाची मिस्सा सकाळी लवकर ठेवलेली होती. फादर वेदीकडे निघणार तोच पुण्यात शिकणारी आमची पुतणी घाईघाईने दारातून आत आली, आणि बाकाबाकांवर कुजबुज सुरू झाली. मुलीचे केस मूळचे लांब, सरळ आणि रेशमासारखे तलम. त्या केसांत आता बोटाएवढ्या जाडीच्या दहा-बारा जटा लोंबत होत्या; काही तपकिरी, काही निळसर, मध्येमध्ये लाकडी मणी आणि पितळी कडी ओवलेल्या. आमच्या शेजारी बसलेल्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, मान वळवून पाहिले आणि पटकन क्रूसाची खूण केली. "माय वं! हाई काय?" एवढेच शब्द तिच्या तोंडून निघाले. ती आयुष्यभर धुळ्याला राहिली. घाबरली की तिला अहिराणीच आठवते.

जेवणाच्या पंगतीत हाच विषय. कोणी म्हणाले, देवळात शोभते का हे? कोणी म्हणाले, संत पौलाने स्त्रियांच्या केशरचनेविषयी लिहून ठेवलेच आहे. एका गृहस्थांनी तर मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन उपदेश केला. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो, कारण काय बोलावे हे आमचे आम्हालाच कळत नव्हते. आज ते मनातले वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. या जटा खऱ्या नसतात. कृत्रिम केसांच्या किंवा लोकरीच्या तयार बटा बाजारात मिळतात. डोक्यावरचे केस लहान लहान चौकोनांत विभागायचे, प्रत्येक भागाची वेणी घालायची, तिच्यावर तयार बट गुंडाळायची आणि टोकाला दोऱ्याने किंवा रबराने घट्ट बांधायची. केस तलम आणि सरळ असले की बट निसटते, म्हणून बांधणी अधिक घट्ट करावी लागते. आणि घट्ट बांधली की तिचे वजन मुळांवर येते. ओढ फार दिवस राहिली तर त्या जागचे केस गळू लागतात. म्हणून महिना-दीड महिन्याने बटा सोडवून डोक्याला विश्रांती द्यावी, असे जाणकार सांगतात. हा झाला शहाणपणाचा भाग. पाप-पुण्याचा प्रश्न यात अजून आलेला नाही.

पवित्र शास्त्राचे म्हणावे तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात वेण्या, सोने आणि मोती यांविषयी इशारा आहे खरा. पण दोन्हीकडे रोख आहे तो बाहेरच्या थाटावर विसंबून अंतःकरण मोकळे ठेवण्यावर. तिथे वेण्यांबरोबर सोन्याचाही उल्लेख आहे, हे पंगतीतल्या उपदेशकांना कसे आठवले नाही, याचे आम्हाला नवल वाटले. नवरीच्या अंगावर सुवर्णनगरी जळगावला साजेसे दागिने होते आणि त्यांसाठी तिच्या वडिलांनी कर्ज काढले होते. त्याबद्दल एका अक्षराने कुजबुज झाली नाही. शिवाय डोक्यासंबंधीचे नियमही काळाबरोबर बदलत आले आहेत. आमच्या आईच्या तरुणपणी उपासनेला डोक्यावर पदर नसणे ही कल्पनाच करवत नसे. १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी डोके झाकावे असा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो नाही. तेव्हा केवळ डोक्याकडे पाहून कोणाच्या आत्म्याची परीक्षा करू नये हे बरे.

मग आई का दचकली? तिला संत पौल आठवला नव्हता. तिला एक मुलगी आठवली होती.

१९६८ च्या सुमाराची गोष्ट. धुळ्यात पांझरा नदीपासून जवळच आमचे भाड्याचे घर होते. शेजारच्या घरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी मुदतीच्या तापाने दीड महिना अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत तिच्या केसांना तेल-फणी लागली नाही. ताप उतरला तेव्हा मानेमागे केसांचा एक गुंता झालेला होता. तो सोडवायचा तर घरात कोणीतरी म्हणाले, देवी आली आहे, हात लावू नका. गुंत्याला हळद-कुंकू लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी बाया पाया पडू लागल्या. मुलीची शाळा सुटली. पुढे लग्नाचे नावही कोणी काढीना, कारण देवीच्या माणसाशी सोयरीक कोण करणार? तीन-चार वर्षांत तो गुंता वाढून पाठीवर आला. तिला मान वळवताना त्रास होई, रात्री झोप लागत नसे, उवांनी आणि खाजेने ती हैराण होई.

एके दुपारी ती आमच्या घरी आली. आई शिवणयंत्रावर बसली होती. मुलीने यंत्रावरच्या कात्रीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "काकू, कापा ना." आम्ही तेव्हा शाळकरी होतो, उंबऱ्यावर बसून सारे पाहत होतो. आईने कात्री उचलली आणि खणात ठेवून दिली. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेले. त्या मुलीचे काय झाले, हे आम्हाला कधीच कळले नाही.

फार वर्षांनी आम्ही आईला विचारले, तू का नाही कापलीस? ती म्हणाली, शेजारी काय म्हणतील याची भीती होती. आणि जरा थांबून म्हणाली, कापल्यावर पोरीला काही झाले असते तर? म्हणजे सकाळ-संध्याकाळ रोझरी म्हणणाऱ्या आमच्या घरातही त्या गुंत्याची भीती होतीच. आम्ही ख्रिस्ती होतो, पण भीती शेजाऱ्यांचीच उसनी घेतली होती.

ही एकट्या धुळ्याची गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या अनेक भागांत अशा जटा घेऊन जगणाऱ्या स्त्रिया आहेत. तेल, पाणी आणि फणी न लागल्याने घाम, धूळ आणि गळालेले केस एकमेकांत अडकतात, एवढेच त्याचे कारण. पण तो देवीचा कौल मानला गेला की त्या स्त्रीचे आयुष्य तिच्या हातात राहत नाही. अनेकींना यामुळेच सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिले गेले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्याने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला; पण मनातली भीती कायद्याने जात नाही. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम घरोघर जाऊन करतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, तरी ते काम थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवीत. त्यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांना जटांतून मुक्त केले आहे. त्या कात्री घेऊन धावत नाहीत. आधी बोलतात, पुन्हा पुन्हा जातात, घरच्यांची समजूत घालतात आणि त्या स्त्रीने हो म्हटल्यावरच केसाला हात लावतात.

हे वाचून कोणी म्हणेल, ही दुसऱ्या धर्मातली अंधश्रद्धा. तसे म्हणण्याची सोय इतिहासाने आपल्याला ठेवलेली नाही. पोलंड हा पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेला देश. तेथील खेड्यापाड्यांत शेकडो वर्षे अशाच जटा बाळगल्या जात. शरीरातला रोग त्या गुंत्यातून बाहेर पडतो आणि तो कापला तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छता आहे हे दाखवून दिले आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. तिथल्या घरांतही भिंतीवर पवित्र मातेची तसबीर असेच. तसबीर असली म्हणजे भीती आपोआप जाते असे नाही. ती उठून घालवावी लागते.

आणि केस वाढू देण्याचीच सक्ती होते असेही नाही. याच महाराष्ट्रात ब्राह्मण विधवांचे केस वस्तऱ्याने उतरवले जात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी या कामाला नकार देऊन संप केला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याच्या आदल्या वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. एकीचे केस कापायचे, दुसरीचे कापू द्यायचे नाहीत. दोन्हींत डोके तिचे आणि हुकूम दुसऱ्याचा. उलट संत क्लेअर पाहा. परंपरेनुसार १२१२ साली झावळ्यांच्या रविवारी रात्री ती घरातून बाहेर पडली आणि संत फ्रान्सिसच्या हातून तिने आपले केस कापून घेतले. कात्री तीच, पण तिथे हो म्हणणारी ती स्वतः होती. कुंभमेळ्याला नाशिक-त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या, आपखुशीने संसार सोडलेल्या साधूच्या जटेकडेही आम्ही याच दृष्टीने आदराने पाहतो.

जी आपण होऊन धारण केली ती जट जबरदस्तीने कापणेही तितकेच वाईट. गणनेच्या सहाव्या अध्यायात नाजीर व्रत घेतलेल्याने डोक्याला वस्तरा लावू नये असे सांगितले आहे. शमशोनाच्या सात बटा तो झोपेत असताना कापल्या गेल्या, तो विश्वासघात होता. याच व्रताचा आधार घेऊन जमेका बेटावरील रास्ताफारी पंथाचे लोक १९३० नंतरच्या काळात जटा राखू लागले. गुलामांच्या या वंशजांना आपल्या केसांची लाज शिकवली गेली होती. जट हे त्यांचे त्यावरचे उत्तर होते. १९६३ च्या पवित्र सप्ताहात कोरल गार्डन्स येथील हिंसाचारानंतर पोलिसांनी त्या बेटावर रास्ताफारींची सरसकट धरपकड केली, अनेकांना मारहाण झाली आणि कित्येकांच्या जटा बळाने कापल्या. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजात, उत्तम शुक्रवारच्या सुमारास हे घडले. तिथल्या सरकारला त्याबद्दल क्षमा मागायला २०१७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जटांमुळे नोकरी नाकारली जाऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला.

आता आमच्या पुतणीकडे वळू. एका स्त्रीने जे ओझे म्हणून वाहिले आणि एका समाजाने ज्यासाठी मार खाल्ला, ते हिने हौसेखातर डोक्यावर मिरवावे काय? हा आक्षेप आम्हाला पंगतीतल्या आक्षेपांहून फार मोठा वाटतो. जे दुसऱ्याला सोडता येत नाही ते गंमत म्हणून घालणे आणि कंटाळा आला की काढणे, यात एक प्रकारची बेफिकिरी आहे. पण बेफिकिरी बटेत नसते, ती अज्ञानात असते. उद्या हिने बटा काढून टाकल्या, तरी ज्या स्त्रीची मान दुखते आहे तिची मान हलकी होणार नाही. ती हलकी व्हायची तर हिला ती स्त्री ठाऊक असावी लागेल. म्हणून आमचे मत असे झाले की, अशी बट घालणे हे पाप नव्हे. पण ती घालणाऱ्याला एक ऋण लागते. ज्याची खूण आपण डोक्यावर घेतली, त्याची कहाणी माहीत करून घ्यावी, आणि कधी कोणी कात्रीकडे बोट दाखवले तर आपला हात मागे येऊ नये.

प्रभू येशूने सांगितले की आपल्या डोक्यावरचे सारे केस मोजलेले आहेत. पित्याने केसांचा हिशेब ठेवला आहे तो आपल्याला भीती घालण्यासाठी ठेवलेला नाही. त्या वचनाच्या आगेमागे भिऊ नका असेच सांगितलेले आहे. धुळ्याच्या त्या मुलीचेही केस मोजलेले होते. तिला ते सांगायला आमच्या घरात कोणी नव्हते.

लग्नानंतर पुतणी आठवडाभर धुळ्याला आमच्याकडे राहिली. तिने विचारले, "आजी, त्या दिवशी तू एवढी का घाबरलीस?" तेव्हा आईने तिला ती दुपार सांगितली, खणात ठेवलेल्या कात्रीसकट. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती आजीच्या पुढ्यात पाठ करून बसली आणि म्हणाली, "सोडव ना आजी." ८५ वर्षांच्या त्या थरथरत्या बोटांनी एकेक रबर काढले, एकेक बट उलगडली, मणी वाटीत जमा केले. तासाभरात सारे केस मोकळे झाले. आईने खोबरेल तेल लावले आणि फणी वरपासून खालपर्यंत फिरवली. ती कुठे अडली नाही.

"हाई ते सुटस," आई हळूच म्हणाली. ही तर सुटते. मग फणी हातात धरून ती दाराकडे पाहत बसली. त्या मुलीचे नाव तिने आमच्यासमोर कधी घेतले नव्हते. त्या संध्याकाळच्या रोझरीत तिने ते घेतले.