मोकळे सोडले म्हणजे सुटलो का?



आटपाडी हा दुष्काळाशी झगडत आलेला तालुका आहे. मुक्या जनावराची किंमत येथील माणसाला ग्रंथ वाचून शिकावी लागली नाही. चारा संपला, विहिरी आटल्या, की येथील कुटुंब स्वतःच्या ताटातील भाकरी कमी करते, परंतु दावणीच्या खिल्लाराला उपाशी ठेवत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांना लम्पी त्वचारोगाने गाठले. हाही विषाणूचाच आजार. त्या वेळी जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले, लसीकरणाची मोहीम निघाली. आजारी बैल वेगळा बांधावा, त्याच्या जखमा धुवाव्यात, त्याला हाताने चारा भरवावा, हे सांगावे लागले नाही. ‘दावे सोडून द्या, जगला तर जगेल,’ असा सल्ला कोणी दिला असता, तर गावाने त्याला वेड्यात काढले असते.

आता त्याच घरातील मांजराकडे पाहू या. ते दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, उलट्या करते, पाण्याच्या भांड्याजवळ मान टाकून बसते. मग ‘घरात लहान मुले आहेत’ असे म्हणून त्याला पिशवीत घातले जाते आणि बाजारपेठेच्या मागे किंवा एखाद्या माळावर सोडले जाते. सोडणारी माणसे दुष्ट नसतात. परत येताना ती मनाशी म्हणतात, ‘आम्ही त्याला कोंडून तर मारले नाही, मोकळे सोडले.’ या समाधानाचाच आज विचार करावयाचा आहे.

मांजराला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. त्या स्त्रीने मांजराला खाऊपिऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडामुंगी, उंदीर खाऊन जगता यावे म्हणून सोडलेही नाही. ते मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. यावरून आपण दोन मार्ग काढतो : एक तर पोसावे, नाही तर सोडावे. आजारी मांजर सोडणारा मनुष्य आपण दुसरा मार्ग पत्करला असे समजतो.

परंतु वाचकहो, या हदीसमध्ये सोडण्याला एक हेतू जोडलेला आहे. मांजराला स्वतःचे अन्न मिळवता यावे, म्हणून सोडणे. जे मांजर धडधाकट आहे, शिकार करू शकते, त्याच्यासाठी उघडे दार ही सुटका आहे. ज्याच्या पायांत उभे राहण्याचे बळ नाही, त्याच्यासाठी उघडा माळ हीसुद्धा एक कोंडीच आहे; फक्त तिला भिंती नाहीत. आजाराने दुसरा मार्ग बंद केला, म्हणून आता आपल्यापुढे पहिला एकच मार्ग उरतो. ज्या मांजराला आपण घरचे अन्न आणि घरची ऊब लावली, त्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

आदरणीय अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले. त्यांच्या सुनेला आश्चर्य वाटले. त्यावर त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ‘वावरणारे’ या अर्थाचा हाच शब्द पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नूरमध्ये (आयत ५८) घरात सतत ये-जा करणाऱ्या सेवकांच्या व मुलांच्या संदर्भात आला आहे. म्हणजे मांजराची गणना घरात वावरणाऱ्यांत झाली. घरातील सेवक तापाने फणफणला असता त्याला वेशीबाहेर नेऊन ठेवणाऱ्या धन्याला आपण काय म्हणू?

येथे तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही गंभीर आहेत, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप संसर्गाचा. मुलांची काळजी घेणे हे कर्तव्यच आहे. परंतु भीतीला ज्ञानाची जोड हवी. मांजरांना होणारा पॅनल्युकोपेनिया, ज्याला अनेकजण मांजरांचा पार्व्हो म्हणतात, माणसाला होत नाही. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू आणि त्यांची प्रतिकारशक्ती घटवणारा एफआयव्ही हा विषाणू हेही माणसाला बाधत नाहीत. भय बाळगावे ते रेबीजचे. मांजराचे वागणे अचानक बदलले, ते विनाकारण अंगावर येऊ लागले, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लसीबाबत विचारावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते.

खरा संसर्ग होतो तो इतर मांजरांना, आणि तो आपण सोडून देण्यानेच वाढवतो. प्रेषितांनी (स.) आजारी उंट निरोगी उंटांत नेण्यास मनाई केली आहे, ही हदीसही बुखारी व मुस्लिममध्ये आहे. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर व वस्तूंवर वर्षभरही टिकू शकतो. आजारी मांजर बाजारात सोडणारा मनुष्य एका जिवाची जबाबदारी टाळतो आणि तेथील कितीतरी पिलांच्या मृत्यूचे कारण होऊ शकतो. आपण लम्पीच्या वेळी बैल वेगळा बांधला, तोच न्याय येथे लावावा. एक वेगळी खोली किंवा आडोसा, वेगळी भांडी, हाताळल्यावर साबणाने हात धुणे, आणि फरशी आधी स्वच्छ करून मग पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसणे, एवढे कोणत्याही घरात शक्य आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही (सूरह अल-बकरा : २८६). मुलांचे अन्न, आईवडिलांचे औषध आणि डोक्यावरचे कर्ज यांचा हक्क आधी आहे. एफआयपी नावाचा मांजरांचा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक वेळा प्राणघातकच समजला जाई. २०१९ साली त्यावरील नव्या औषधाचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले; परंतु हा उपचार साधारणपणे ८४ दिवस चालतो आणि तो महाग आहे. ज्याची ऐपत नाही त्याला असा उपचार न केल्याबद्दल जाब विचारला जाईल, असे मला वाटत नाही. परंतु ‘सर्व करता येत नाही’ याचा अर्थ ‘काहीच करावयाचे नाही’ असा होत नाही. ऊब, स्वच्छ पाणी, चमच्याने भरवलेले मऊ अन्न, पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंतची एक फेरी, हे बहुतेकांच्या कुवतीत असते. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर लसीकरण सुरू केले, तर पॅनल्युकोपेनिया बहुतांशी टळतो. आणि एक सावधगिरी : दया म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. त्याच्यासाठी ते विष आहे.

तिसरा आक्षेप असा की, मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, मग एवढा खटाटोप कशाला? मृत्यू त्याच्या हाती आहेच. परंतु त्यानेच रोगाबरोबर उपायही उतरवला, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. फल आपल्या हाती नाही, वर्तन मात्र आहे. पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही. पशुवैद्यक सलाईन देतात, उलट्या थांबवतात, दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविके देतात आणि मांजराचे शरीर स्वतः झुंजेपर्यंत त्याला आधार देतात. कित्येक मांजरे तरीही मरतात. अशा वेळी आपली सेवा वाया गेली असे समजू नये. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, ती त्या पाणी पाजण्याबद्दल; कुत्रा पुढे किती दिवस जगला, हे हदीसमध्ये सांगितलेले नाही.

वेदना असह्य असून बरे होण्याची आशा उरली नसेल, तर जनावराला मरण द्यावे काय, याविषयी फकिहांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय पशुवैद्यक व जाणत्या आलिमांच्या सल्ल्यानेच घ्यावा. मात्र उपासमार व्हावी अशा स्थितीत जनावर टाकून देणे, यास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही अपराध ठरवले आहे.

वाचकहो, एकदा एक उंट प्रेषितांसमोर (स.) आला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या मालकाला बोलावून विचारले की, अल्लाहने तुझ्या स्वाधीन केलेल्या या जनावराविषयी तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय? बैल शेत नांगरतो, म्हैस दूध देते. त्यांच्या सेवेत आपला लाभ मिसळलेला असतो. आजारी मांजर आपल्याला काहीच देत नाही. म्हणूनच आपली दया लाभासाठी आहे की अल्लाहसाठी, याची परीक्षा तेथे होते. पिशवी उचलण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : मी या जिवाला मोकळे करीत आहे, की स्वतःला?

अल्लाह आपल्या स्वाधीन असलेल्या प्रत्येक जिवाचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.