अर्जातला एक रकाना

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्यानं मला पानभर मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, एकदा बघून घे. इंग्रजी तपासू नकोस, बाकीचं तपास.’

बडोद्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात नीतिशास्त्राचा पेपर कायम माझ्याकडे असे. त्यामुळे ‘बाकीचं’ म्हणजे काय, ते मला कळलं. भाचा जन्मला आणि वाढला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. त्याला वकील व्हायचं आहे. अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतरचं, आणि प्रत्येक लॉ स्कूलच्या अर्जात चारित्र्याचा एक रकाना असतो: तुमच्यावर कधी आरोप ठेवला गेला आहे का? असल्यास खुलासा जोडा. तो मजकूर म्हणजे हा खुलासा होता.

घटना साधी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मित्राच्या वाढदिवसाहून रात्री एकच्या सुमारास तो स्वतः गाडी चालवत परतत होता. मागचा एक दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं. तोंडाला वास आला, ठाण्यावर नेऊन यंत्रात फुंकायला लावलं. आकडा आला ०.०९. तिथली मर्यादा ०.०८. कोणाला धक्का लागला नव्हता, काही मोडलं नव्हतं. पुढे दंड झाला, दोन दिवसांचा सक्तीचा वर्ग झाला, आणि काही महिने गाडीत असं यंत्र बसलं, की त्यात फुंकून दाखवल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही.

न्यू जर्सीचा कायदा या बाबतीत जरा निराळा आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत दारू पिऊन गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा. न्यू जर्सीत तो वाहतुकीच्या नियमाचा भंग मानला जातो. शिक्षा होते, पण माणूस ‘गुन्हेगार’ ठरत नाही. आणि दुसऱ्या बाजूनं, काही वर्षांनी कोर्टाकडून फौजदारी नोंद पुसून घेता येते, तशी ही पुसता येत नाही, कारण पुसायला मुळात गुन्हाच नाही.

माझ्या बहिणीनं नेमकं हेच धरलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, तो पाच ठिकाणी अर्ज करतोय. चार फॉर्ममध्ये सरळ लिहिलंय की दारू पिऊन गाडी चालवल्याची केससुद्धा सांगा. तिथे सांगेल बापडा. पण पाचव्यात फक्त गुन्ह्याबद्दल विचारलंय. गुन्हा झालाच नाही, मग ‘नाही’ लिहिलं तर खोटं कुठे? वकिलानंही तेच सांगितलं. आणि हा म्हणतोय, मामा सांगेल तसं करीन. तू त्याला उगाच हरिश्चंद्र करू नकोस."

बहिणीचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. त्यात आईची माया होती तसा युक्तिवादही होता. पाचवी जागा त्याला सगळ्यांत हवी होती. आणि मुळात हा प्रश्न विचारावाच का, असं म्हणणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. रस्त्यावर कोणाला थांबवलं जातं, हे तिथे बरेचदा कातडीच्या रंगावर ठरतं. म्हणजे ज्यांच्याकडे पोलिसांचं लक्ष अधिक, त्यांच्याच अर्जात खुलासे अधिक. पदवीपूर्व प्रवेशासाठी शेकडो कॉलेजं वापरतात त्या ‘कॉमन अ‍ॅप’नं आपल्या सामाईक भागातून गुन्हेगारी इतिहासाचा प्रश्न २०१९पासून काढून टाकला. एकदा शिक्षा भोगलेल्या माणसाला दर दारात पुन्हा का उभं करायचं, हा विचार त्यामागे होताच.

तरीही वकिली आणि वैद्यकी यांनी हा प्रश्न सोडलेला नाही. मला वाटतं, त्याचं कारण दारूत नाही. वकिलाकडे अशील कागद ठेवतो, पैसे ठेवतो, कधी अब्रू ठेवतो. रुग्ण डॉक्टरपुढे बेशुद्ध पडलेला असतो. समोरचा आपल्याशी खरं वागतो आहे की नाही, हे त्या दोघांना पडताळता येत नाही. व्यवसाय उभा आहे तो या न पडताळता येण्यावर. म्हणून अर्जातला रकाना वरकरणी ‘तू काय केलंस’ असं विचारतो, पण त्याला जाणून घ्यायचं असतं ते हे की सांगण्यात तोटा असेल तेव्हा तू सांगतोस का. पुढे वकिलीची सनद देताना तिथली मंडळं हाच प्रश्न पुन्हा, अधिक बारकाईनं विचारतात आणि लॉ स्कूलच्या अर्जातलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. एकदाच घडलेली चूक बहुधा माफ होते. लपवलेली चूक जड जाते.

आपल्याकडेही न्यायालयं या प्रश्नाशी झगडली आहेत. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणानं मारामारीचा जुना खटला अर्जात सांगितला नव्हता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं तरुण वयातली चूक म्हणून त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि निकालपत्रात ‘ले मिझराब्ल’मधल्या जाँ वाल्जाँची आठवण काढली. भाकरी चोरल्याचा डाग आयुष्यभर बाळगणारा तो माणूस. पुढे २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी नियम अधिक रेखून दिले: माहिती खरी द्यायची, दडवायची नाही, आणि क्षुल्लक गोष्ट दडवली गेली असेल, तर ती पोटात घालण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला असावी. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर असं दिसतं, की उदार व्हायची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. सांगणाऱ्यानं ती स्वतःच उचलून स्वतःला माफ करून मोकळं व्हायचं नाही.

पण बहिणीचा पाचवा फॉर्म यात बसत नव्हता. तिथे दडवण्याचा प्रश्नच नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर अक्षरशः खरं होतं. आणि आपण मराठी माणसं तर अक्षरशः खऱ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना धर्मराज खोटं बोलला नाही, तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. कथेनं त्याच्यावर खोट्या शब्दाचा आरोप ठेवलेला नाही. द्रोणाच्या मनात काय उभं राहणार हे ठाऊक असताना तो बोलला, एवढंच तिनं नोंदवलं आहे.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. मग त्याच्या खुलाशाकडे वळलो. त्यात घटना तीन ओळींत होती आणि पुढे पाऊण पान ‘त्या रात्रीनं मला काय दिलं’ हे होतं. त्या रात्रीनं त्याला जबाबदारी शिकवली होती, कायद्याविषयी आदर दिला होता, दुर्बलांविषयी कळवळा दिला होता. मी म्हटलं, "अरे, हे वाचून वाटतं की प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा पिऊन गाडी चालवावी." तो हसला. म्हणाला, सगळे असंच लिहितात, सल्लागारही असंच सांगतात.

मला त्या पाऊण पानाची भीती वाटली, ती त्यातल्या लबाडीची नव्हे. भाचा लबाड नाही. चुकीचा इतक्या लवकर दागिना होतो याची ती भीती होती. महामहोपाध्याय काणे हे पेशानं वकील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पातक आणि प्रायश्चित्त यांच्यावर आहे. जुन्या स्मृतिकारांनी पापातून सुटण्याच्या मार्गांत एक मार्ग ‘ख्यापन’ सांगितला आहे. ख्यापन म्हणजे केलं ते चारचौघांत बोलून दाखवणं. अनुताप त्याच्या शेजारी वेगळा सांगितला आहे. मला ती फोड शहाणपणाची वाटते. सांगणं हे एक काम, पस्तावणं हे दुसरं. अर्जात पहिलंच करता येतं. दुसरं करायला गेलं की त्याचं प्रदर्शन होतं.

"चार ओळी लिही," मी म्हटलं. "कधी, कुठे, किती, पुढे काय झालं. ‘फक्त’ हा शब्द काढ. ‘दुर्दैवानं’ हा शब्द काढ. दुर्दैवानं पकडलं की दुर्दैवानं प्यायलास?"

तो गप्प झाला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "मामा, तू कधी चालवलीस? पिऊन?"

मी म्हणालो, "अरे, आमच्या तरुणपणी गाड्या होत्या कुठे कोणाकडे!"

वाक्य खरं होतं. १९९१ साली माझ्याकडे गाडी नव्हती. ती रात्र झाली ती मित्राच्या फियाटमध्ये.

गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्याकडच्या लोकांना दमण जवळचं. वापीहून बारा-तेरा किलोमीटर. कॉलेजातले आम्ही तिघे वापीच्या मित्राकडे उतरलो होतो, संध्याकाळी त्याची गाडी घेऊन दमणला गेलो. परतताना चालवायला मी बसलो, कारण तिघांत मी कमी प्यायलोय असं माझं मत होतं. हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसानं डिकी उघडायला लावली, बॅटरीच्या उजेडात बाटल्या शोधल्या. बाटली नव्हती. त्यानं हात केला, जा. दारू आमच्या पोटात होती, आणि तिथे शोधायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे अंधारात एक सायकलवाला अचानक समोर आला. मी चाक फिरवलं, गाडी डावीकडे मातीत उतरली, पुन्हा रस्त्यावर आली. मागून ओरडण्याचा आवाज आला. गाडीत आधी शांतता, मग आम्ही तिघे हसलो. ‘वाचलो’ असं कोणीतरी म्हणालं.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ साली ‘नैतिक दैव’ या एकाच नावाचे दोन निबंध वाचले. नेगलच्या निबंधात पिऊन गाडी चालवणारा माणूस उदाहरणादाखल येतो. गाडी फुटपाथवर चढली आणि तिथे कोणी नसलं, तर तो माणूस नैतिकदृष्ट्या नशीबवान. कोणी असलं, तर आयुष्यभराचा दोषी. दोघांनी केलं ते एकच. हा निबंध मी वर्षानुवर्षं एम.ए.च्या वर्गाला शिकवला. फळ्यावर गाडी काढायचो, फुटपाथ काढायचो. एकदाही दमणचा रस्ता डोळ्यापुढे आला नाही. आला असता तर तो मी पुसला असता, फळा पुसतो तसा.

दोष सारखा असेल, तर भाच्यात आणि माझ्यात फरक एका बंद पडलेल्या दिव्याचा. पण आणखी एक फरक मला त्या फोननंतर दिसू लागला. त्याला कोणीतरी विचारलं. ठाण्यात विचारलं, कोर्टात विचारलं, आता पाच फॉर्म विचारत होते. त्याला आपला आकडा माहीत आहे. मला माझा माहीत नाही. आपल्याकडे आज मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेतल्या निम्म्याहूनही कमी. कायदा अधिक कडक, पण आपल्या कोणत्याही अर्जात मला हे कधी कोणी विचारलं नाही. न पकडला गेलेला माणूस निर्दोष नसतो, त्याच्याकडे नुसता रकाना नसतो.

तीन दिवसांनी मी भाच्याला पत्र लिहिलं, मराठीत. तो मराठी सावकाश वाचतो, म्हणून अक्षर मोठं ठेवलं. त्याला सांगितले होते तेच नियम पाळले: कधी, कुठे, किती, पुढे काय झालं. लिहिलं की फोनवर मी तुला ‘नरो वा कुंजरो वा’ केलं. कागदाचा फोटो काढून पाठवला. पाचव्या फॉर्मबद्दल शेवटी एवढंच लिहिलं: विचारलेल्याचं उत्तर खरं दे, आणि ते वाचून त्यांच्या मनात जे चित्र उभं राहील तेही खरं असेल असं बघ, कसं ते तू ठरव.

त्यानं पाचव्या फॉर्ममध्ये ‘नाही’वर खूण केली आणि खाली तोच चार ओळींचा खुलासा जोडला: तुमच्या प्रश्नात हे बसत नाही, पण तुम्हाला माहीत असावं. बहीण माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. निकाल यायचे आहेत आणि ते काय येतील यावर या निर्णयाचं बरेवाईटपण ठरू नये, असं मी तिला सांगून पाहिलं. नेगल बहिणीला पटण्यातला नाही.

माझ्या पत्राला भाच्याचं उत्तर आलं ते एका ओळीचं. ‘मामा, थँक्स. त्या सायकलवाल्याला लागलं होतं का?’

मी लिहायला बसलो की नाही, तो वाचला, ओरडला म्हणजे वाचलाच असणार. मग हात थांबला. ‘वाचलो’ हे आम्ही आमच्याबद्दल म्हटलं होतं. तो पडला का, शेजारच्या खड्ड्यात गेला का, ते ओरडणं रागाचं होतं की दुसऱ्या कशाचं, मला ठाऊक नाही. मी गाडी थांबवली नव्हती.

तसंच त्याला कळवलं.