मनुष्यापूर्वीचे आकाश : टेरोसॉर आणि जैन जीवविचार

पृथ्वीवर मनुष्य नव्हता त्या काळात जगून नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या जीवनाला काही मूल्य होते काय, हा प्रश्न वरकरणी जीवाश्मशास्त्राचा, म्हणजे खडकांत टिकलेल्या जीवावशेषांच्या अभ्यासाचा वाटतो. परंतु त्याचे मूळ धर्मचिंतनात आहे. मूल्य ठरवणारा केवळ मनुष्य असेल, तर त्याच्या आधीची कोट्यवधी वर्षे निरर्थक ठरतात. आणि मूल्य जीवाच्या ठिकाणीच असेल, तर ज्याला कोणी पाहिले नाही अशा प्राण्याचे जगणेही आदराला पात्र ठरते. कोल्हापूरच्या भूमीत या प्रश्नाची दोन्ही अंगे एकत्र आलेली आहेत. एका बाजूला तेथील कातळ त्या प्राचीन काळाचा आहे, आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मीसेन भट्टारकांच्या मठामुळे व राजाराम कॉलेजात 1930 पासून 1962 पर्यंत अर्धमागधीचे अध्यापन करणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्या ग्रंथसंपादनामुळे जैन विचाराची तेथे दीर्घ परंपरा आहे.

अंबाबाईच्या मंदिराचा काळा दगड आणि पन्हाळ्याच्या जांभ्याखालचे कडे हे दोन्ही बेसाल्ट या खडकाचे आहेत. भूगर्भातून वाहत आलेला लाव्हा थराथराने थंड होऊन दख्खनचे पठार घडले, आणि या घडणीचा मुख्य काळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. याच सुमारास आजच्या मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळला व पृथ्वीवरील असंख्य प्राणिकुळे संपली. त्या संहारात डायनासोरांच्या बहुतेक शाखांबरोबर टेरोसॉर, म्हणजे उडणारे सरीसृप, यांचाही शेवट झाला. लाव्ह्याच्या खडकात हाडे टिकत नसल्याने कोल्हापूरच्या कातळात त्यांचे अवशेष मिळण्याची अपेक्षा नाही. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मात्र, गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा गावाचे नाव मिळालेल्या गाळाच्या थरांतून, एस. एल. जैन यांनी 1974 मध्ये एका टेरोसॉरची नोंद केली. तो पुरावा इतका तुटपुंजा होता की त्यावरून स्वतंत्र जाती मानावी की नाही, याविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

टेरोसॉर हे डायनासोर नव्हते. ते डायनासोरांचे जवळचे आप्त होते, आणि आजचे पक्षी त्यांच्यापासून नव्हे तर डायनासोरांच्या एका शाखेपासून निपजले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये स्वबळावर उडण्याची शक्ती प्रथम त्यांनीच मिळवली, आणि हे सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी घडले. त्यांच्या हाताचे चौथे बोट अतिशय लांब झालेले होते, व त्या बोटापासून शरीराच्या कडेपर्यंत ताणलेला, आत सूक्ष्म तंतूंचे जाळे असलेला त्वचेचा पडदा हाच त्यांचा पंख होता. हाडे पोकळ व पातळ भिंतींची होती आणि अंगावर लवीसारखे आवरण होते. आहारही एकसारखा नव्हता : काही कीटक टिपत, काही समुद्रावरून मासे उचलत, अर्जेंटिनातील टेरोडॉस्ट्रो हा आपल्या शेकडो बारीक, केसांसारख्या दातांनी पाणी गाळून सूक्ष्म जीव खात असे, तर अझ्डार्किड या कुळातील उंच प्राणी बहुधा जमिनीवर चालत भक्ष्य शोधत. पंख मिटून ते चारही पायांवर चालत, आणि उड्डाणाच्या वेळी पुढच्या हातांनीच जमिनीला रेटा देऊन झेप घेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. चीनमध्ये 2017 साली वर्णन केलेल्या एका ठिकाणी त्यांची 200 हून अधिक अंडी एकत्र आढळली, व त्यांपैकी काहींत भ्रूणांची हाडेही होती.

जैन आगमांत आकाशात संचार करणाऱ्या तिर्यंचांना, म्हणजे देव, मनुष्य व नारकी यांहून वेगळ्या अशा पशुपक्ष्यादी जीवांना, खेचर म्हटले आहे, आणि श्वेतांबर परंपरेच्या उत्तराध्ययन सूत्रात त्यांचे पंखांवरून चार प्रकार केले आहेत : कातडी पंखांचे चर्मपक्षी, पिसांचे रोमपक्षी, मिटलेल्या डबीसारख्या पंखांचे समुद्गपक्षी आणि सदैव पसरलेल्या पंखांचे विततपक्षी. यांतील चर्मपक्षी हा शब्द टेरोसॉरला इतका चपखल बसतो की प्राचीनांना हे प्राणी ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह सहज होतो. तथापि हा मोह जैन ग्रंथपरंपरेच्याच पुराव्यापुढे टिकत नाही. तत्त्वार्थसूत्रावरील भाष्यात चर्मपक्ष्यांची गणना वटवाघळासारख्या प्राण्यांबरोबर पोतज वर्गात, म्हणजे अंड्यातून वा वारेतून न येता उघड्या देहाने जन्मणाऱ्यांत, केलेली आहे, आणि टेरोसॉर तर अंड्यातून जन्मत. डोळ्यांसमोरच्या वटवाघळाचे निरीक्षण करून ते पक्ष्यांहून वेगळे ओळखणे हेच त्या वर्गीकरणाचे खरे मोठेपण आहे. न पाहिलेल्या प्राण्याचे श्रेय त्यावर लादल्याने ते वाढत नाही.

अवसर्पिणीच्या, म्हणजे देहमान व आयुर्मान क्रमाने घटत जाणाऱ्या कालार्धाच्या कल्पनेचेही असेच आहे. प्राचीन प्राण्यांची प्रचंड हाडे ही या कल्पनेची साक्ष आहेत असे मानावे, तर टेरोसॉरांचा इतिहास उलट दिशेने जातो. इटलीत सापडलेला, त्यांच्या आरंभकाळातील युडिमॉर्फोडॉन पंख पसरल्यावर सुमारे एक मीटर भरे, आणि सुमारे दहा मीटर पंखविस्ताराचा, टेक्सासमध्ये 1971 साली सापडलेला क्वेट्झलकोॲटलस त्यांच्या अखेरच्या काळात जगला. धर्मग्रंथाला विज्ञानाच्या कसोटीवर जिंकवण्याची धडपड अशा रीतीने दोहोंवरही अन्याय करते.

जैन विचाराचे या प्रश्नाला असलेले देणे निराळे आहे, आणि ते जीवाच्या व्याख्येत सापडते. जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणण्याचा व पाहण्याचा व्यापार, असे सांगितले आहे. आकार, उपयुक्तता, वंशसातत्य किंवा मनुष्याशी असलेला संबंध यांपैकी कशालाही त्या लक्षणात स्थान नाही. टेरोसॉरांच्या कवट्यांच्या पोकळीवरून त्यांच्या मेंदूची जी रचना 2003 साली अभ्यासली गेली, तीत तोल व नजर यांचा मेळ राखणारा भाग आश्चर्यकारकरीत्या मोठा आढळला, आणि पंखाच्या विस्तीर्ण त्वचेकडून येणाऱ्या संवेदना तेथे एकत्र होत असाव्यात असा अर्थ अभ्यासकांनी लावला. याचा अर्थ असा की त्या काळातील वारा कोणाच्याही जाणिवेबाहेर वाहत नव्हता. तो पंखाला जाणवत होता, आणि खालचे पाणी कोणाच्या तरी नजरेत स्थिर होत होते. मनुष्य नसल्याने ते जग साक्षीविना होते, हे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. उडणारा प्राणी स्वतःच तेथे जाणणारा होता, आणि त्याला दुसऱ्या साक्षीची गरज नव्हती.

यावर असा आक्षेप संभवतो की जे जग शिकार, भूक आणि अकाली मरण यांनी भरलेले होते, त्याला मूल्य देणे म्हणजे हिंसेचा गौरव करणे होय. जैन दर्शन तिर्यंचगतीला दुःखाचीच गती मानते, आणि त्या दुःखाला ते कोठेही सुंदर ठरवत नाही. परंतु मन असलेल्या पंचेंद्रिय तिर्यंचालाही सम्यग्दर्शन, म्हणजे सत्याविषयीची यथार्थ श्रद्धा, आणि मर्यादित व्रते शक्य आहेत असेही ते मानते, व महावीरांच्या पूर्वभवांत सिंहाचा जन्म सांगते. दुःख हे जीवाच्या मूल्याविरुद्धचे प्रमाण नाही. ज्याला दुःख होऊ शकते त्याच्या ठिकाणी जपण्यासारखे काही आहे, याची ती खूण आहे. अहिंसेचा सारा आधार याच विचारावर उभा आहे.

नष्ट झालेल्या जीवांप्रती अहिंसा आचरता येत नाही, कारण त्यांना इजा करणे व त्यांचे रक्षण करणे दोन्ही मनुष्याच्या हाती उरलेले नाही. त्यांच्याबाबत उरते ते सत्यव्रत : त्यांना आपल्या अभिमानाचे साधन न करता, ते जसे होते तसे जाणण्याचा प्रयत्न करणे. जे जीव अद्याप आहेत, त्यांच्याबाबत मात्र दोन्ही व्रते लागू होतात. राधानगरीच्या अरण्यातील पक्षी आणि गावोगावच्या जुन्या वडांवर उलटी लटकणारी वटवाघळे, ज्यांना अशुभ मानून हुसकावले जाते, हे आजचे रोमपक्षी व चर्मपक्षी आहेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या पंखाला जे मूल्य विचाराने द्यावे लागते, ते आज संध्याकाळी वडावरून उडणाऱ्या पंखाला आचरणाने दिले नाही, तर तो विचार अपुराच राहतो.