कोण वाचतं ते पान?

माझ्या एका अनुवादाच्या मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. ते आत, मुद्रकाच्या पत्त्याखाली बारीक टायपात होतं. मी तक्रार केली, तेव्हा प्रकाशक म्हणाले, "नाव दिलंय की. आणि असली पानं वाचतं कोण?" मी बरेच दिवस धुमसत होते.

त्याच वर्षी एका मैत्रिणीबरोबर मी कानडी-मराठी शब्दांचं छोटं अॅप केलं. शब्द माझे, प्रोग्रॅमिंग तिचं. शेवटी ती म्हणाली, "अगं, यात दुसऱ्यांच्या अकरा लायब्रऱ्या आहेत. त्यांच्या परवान्यांचं एक पान द्यावं लागेल." पान कसलं, इंग्रजी मजकुराचं भेंडोळंच होतं ते. मी म्हटलं, "काढून टाक. कोण वाचतंय?" हे वाक्य आपण कुठे ऐकलं होतं, ते आठवायला मला दोन महिने लागले.

त्या अकरांत एक होती हार्फबझ. नाव फारसी वळणाचं: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं. 'कि' टंकताना आपण क आधी देतो, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. 'अर्क'मधला र उडी मारून क च्या डोक्यावर बसतो. ही सगळी मांडामांड हार्फबझ करते, बांगला, तमिळ, उर्दूचीही. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळे तिच्यावर विसंबून आहेत. माझे शब्द वाचता येत होते ते या अनोळखी लोकांच्या श्रमांमुळे. त्यांनी पैसा मागितला नव्हता. स्वामित्वाची नोंद आणि दोन परिच्छेद प्रत्येक प्रतीसोबत राहू द्या, एवढीच अट होती.

आधी मला वाटलं, आपण श्रेय बुडवलं. पण उरलेले परवाने नीट वाचले, तेव्हा चूक याहून मोठी निघाली. त्यांतले बहुतेक एमआयटी परवाने होते. हा परवाना नावासोबत परवानगीचा मजकूरही पुढे द्यायला सांगतो. हा मजकूर देणाऱ्याच्या मानासाठी नसतो. तो घेणाऱ्याची सनद असतो: हे तूही वापरू शकतोस, बदलू शकतोस, वाटू शकतोस. ते पान काढून मी अॅप घेणाऱ्यापासून त्याचाच हक्क लपवला होता.

जीपीएल परवाना याच्याही पुढे जातो. तो सोर्स कोडही द्यायला लावतो. २००३ मध्ये लिंकसिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स असल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं. त्यांनी आग्रह धरल्यावर कंपनीने कोड खुला केला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. ते पान कुणीतरी वाचलं होतं.

आपल्या परंपरेत ऋषिऋण सांगितलं आहे. ते देणाऱ्याला परत करता येत नाही. शिकायचं आणि पुढच्याला द्यायचं, हीच त्याची फेड. पण जे आलं ते कुठून आलं आणि कोणत्या अटीवर, हेच पुसून टाकलं तर पुढचा माणूस ते देणं माझंच समजेल. शंभरांतले नव्व्याण्णव ते पान उघडणार नाहीत, हे खरं. पण कर्तव्य वाचणाऱ्यांच्या संख्येवर ठरत असतं, तर अनुवादकाचं नावही कुठेच छापायचं कारण नव्हतं.

पुढच्या आवृत्तीत आम्ही ते पान घातलं. आधीच्या प्रती मात्र अजून काही फोनमध्ये असतील. त्यांत सगळं काही आमचंच असल्यासारखं दिसतं.