जवळचे डोंगर

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण दूरच्या डोंगराला बोल लावण्यासाठी वापरली जाते. परंतु जवळच्या डोंगराविषयीही तिच्यात एक विधान दडलेले आहे. जवळ गेले की दगडधोंडे दिसतात, काटेकुटे दिसतात आणि साजरेपण ओसरते. ते ओसरल्यावरही डोंगराविषयी काही प्रेम उरते का, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही; तो नीतीचाही आहे.

निसर्गाच्या ओढीने माणूस दूरवर जातो. हिमशिखरे, अरण्ये, सागरकिनारे पाहून तृप्त मनाने परततो. या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि तो पाहुण्याचा आनंद असतो. पाहुण्याला घरातले उत्तम तेवढे दिसते आणि उंबरठा ओलांडताच तो त्या घराच्या सुखदुःखातून मोकळा होतो. घराजवळच्या टेकडीशी वा ओढ्याशी असा सुटसुटीत संबंध ठेवता येत नाही. तिथे उद्याही जायचे असते; आज टाकलेला कचरा उद्या पुन्हा भेटणार असतो.

हे पुन्हा पुन्हा जाणे ज्ञानाचेही साधन ठरते. चार्ल्स डार्विनने १८४२ साली डाउन येथील घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षांनी तिथे चर खणून पाहिला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली तो थर सुमारे सात इंच खोल गेला होता. जगप्रदक्षिणा केलेल्या या संशोधकाला मातीची ही संथ हालचाल मोजण्यासाठी एका शेताच्या शेजारी तीन दशके राहावे लागले. जर्मनीहून परतलेल्या सालिम अलींना नोकरी नव्हती, म्हणून १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखून स्वीकारते आणि मग ते पुरे करून नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हा क्रम त्यांना दिवसेंदिवस एकाच जागी बसून उलगडला. ज्या पक्ष्याला मराठीने गृहिणीचे नाव दिले, त्याचे विणकाम नराचे असते, हे लांबून ओझरते पाहणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण होते.

येथे एक आक्षेप संभवतो. जवळच्याविषयीचे प्रेम म्हणजे विस्तारलेला स्वार्थच नव्हे काय? आपल्या खिडकीतून दिसणारी टेकडी वाचावी म्हणून तळमळणारा नागरिक स्वतःच्या घरासाठी लागणारी खडी कुठल्या तरी दुसऱ्या टेकडीतूनच आणतो. ती टेकडी त्याला दिसत नाही; म्हणून तिचे दुःखही होत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि निव्वळ सौंदर्यप्रेमाजवळ त्याला उत्तर नाही.

उत्तर असलेच तर ते परिचयातून मिळते. ज्याने एका ओढ्याचे बारा महिने पाहिले, पहिल्या सरींनंतरचा गढूळ लोंढा आणि चैत्रातली कोरडी वाळू ज्याच्या ओळखीची झाली, त्याला एक ओढा संपणे म्हणजे काय संपणे, हे नेमके कळते. हे कळणे त्या एका ओढ्यापुरते ठेवायचे की पुढे न्यायचे, ही निवड मात्र त्याची असते. दूरचा प्रत्येक डोंगर कोणाचा तरी जवळचा डोंगर असतो. खडीचा ट्रक दारात रिकामा होताना ती कुठून आली, एवढे तरी त्याने विचारावे. टेकडीवरच्या रोजच्या फेरीने त्याच्यावर टाकलेले हे ऋण आहे.